मरीआईचा गाडा कोणत्या शिवेवर?

वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत पूर्वी पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा निघत असे. लाकडी गाड्यावर देवीची स्थापना करायची, निंबाचा पाला, लिंबू, हळदकुंकू आणि नैवेद्य तिच्यापुढे ठेवायचा आणि वाजतगाजत तो गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावाला त्याचा सुगावा लागला की तेथील लोक तोच गाडा आपल्या शिवेवरून पुढे ढकलीत. या प्रथेला हसणे आज सोपे आहे. ज्या काळात सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दिवस मावळायच्या आत स्मशानात पोहोचत होता आणि औषध कोणाजवळच नव्हते, त्या काळात भयभीत समाजाने स्वतःला सावरण्यासाठी शोधलेला तो मार्ग होता. त्यात खोट होती ती वेगळीच. रोग आपल्या शिवेबाहेर गेला म्हणजे आपले काम संपले, पुढचे पुढच्या गावाने पाहावे, ही समजूत त्या गाड्याबरोबर गावोगाव फिरत राहिली.

गाडा गेला, समजूत राहिली. वाशिम जिल्ह्यात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, आज हगवण लागली की माणूस मरीआईच्या ओट्यावर जात नाही, मेडिकलच्या दुकानात जातो. चिठ्ठी नसते, तपासणी नसते. ‘पोट बिघडलंय’ एवढे सांगितले की पाकिटातून कापलेल्या चार गोळ्या हातात पडतात. दोन गोळ्यांत पोट थांबले की उरलेल्या दोन देव्हाऱ्याजवळच्या डब्यात जातात आणि पुढच्या खेपेला घरातील लहान मुलाला अर्धी-अर्धी करून दिल्या जातात. रोग शिवेबाहेर गेला, असे त्या घराला वाटते. प्रत्यक्षात तो आतड्यात अधिक बळकट होऊन बसलेला असतो.

आतड्यातील रोगकारक जीवाणू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत, हे वाक्य गेली काही वर्षे वृत्तपत्रांतून इतक्या वेळा छापून आले आहे की वाचकाच्या मनावर त्याचा ओरखडाही उठत नाही. म्हणून काही आकडे समोर ठेवलेले बरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रतिरोध-निरीक्षण जाळ्यातील रुग्णालयांत २०१६ साली ‘ई. कोलाय’ या जीवाणूच्या १०० पैकी ८६ नमुन्यांवर ‘इमिपेनेम’ हे अखेरच्या फळीतील औषध लागू पडत होते. २०२१ साली ही संख्या ६४ वर आली. ‘क्लेब्सिएला’ या दुसऱ्या जीवाणूच्या बाबतीत ती ६५ वरून ४३ पर्यंत घसरली. हे आकडे मोठ्या रुग्णालयांतील गंभीर रुग्णांचे आहेत, गावातल्या प्रत्येक पोटदुखीचे नव्हेत, हे खरे. पण घसरण पाच वर्षांतली आहे आणि औषध अखेरच्या फळीतले आहे. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतुसंसर्गामुळे थेट ओढवलेले मृत्यू भारतात सुमारे ३ लाख होते, असा आंतरराष्ट्रीय अभ्यासकांचा अंदाज आहे.

या विषयावर देशात एकदा मोठा गदारोळ झाला होता, पण तो भलत्याच कारणासाठी. भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक २००७च्या अखेरीस नवी दिल्लीतील रुग्णालयात दाखल होता. मायदेशी परतल्यावर २००८ साली त्याच्या मूत्रात असा जीवाणू आढळला की ज्यावर कार्बापेनेम वर्गातील अखेरची औषधेही चालेनात. संशोधकांनी त्या जीवाणूतील नव्या विकराला ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव देऊन टाकले. ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात भारत, पाकिस्तान आणि ब्रिटनमधील रुग्णांविषयीचा निबंध आला आणि भारतात शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या पाश्चात्त्यांना इशारे दिले जाऊ लागले. संसदेत पडसाद उमटले. देशाच्या राजधानीचे नाव एका जंतूच्या कपाळी गोंदवण्यामागे भारताच्या वाढत्या वैद्यकीय सेवांविषयीची असूया आहे, असा संशय अनेकांनी व्यक्त केला.

तो संताप अनाठायी नव्हता. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनीच हे नामकरण ही चूक होती असे मान्य करून दिलगिरी व्यक्त केली. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत, असे मार्गदर्शक तत्त्व जाहीर केले. नावाच्या लढाईत भारताची बाजू न्यायाची होती.

परंतु त्याच वर्षी, त्या निबंधाच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्याच देशातील फिजिशियनांच्या संघटनेच्या मासिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला होता. अखेरच्या फळीतील औषधांना न जुमानणाऱ्या आंत्रवर्गीय जीवाणूंचे २४ नमुने त्यांनी तपासले आणि त्यांपैकी २२ नमुन्यांत हेच विकर सापडले. त्याच अंकात चेन्नईचे डॉ. अब्दुल गफूर यांचे संपादकीय होते आणि त्याचा विषय होता प्रतिजैविकांचा मृत्यू. ऑगस्टच्या निबंधाचे प्रमुख लेखकही मद्रास विद्यापीठातील तरुण संशोधक कार्तिकेयन कुमारस्वामी हेच होते. म्हणजे स्वदेशातील डॉक्टर, स्वदेशातील मासिकात, स्वदेशातील रुग्णांविषयी सांगत होते. तेव्हा ना संसद हलली, ना वृत्तवाहिन्या. घरातील वडीलधाऱ्याने सांगितले ते ऐकायचे नाही आणि शेजाऱ्याने तेच हिणवून सांगितले की अंगावर धावून जायचे, असा हा प्रकार झाला. अपमान नावाचा झाला हे खरे. पण त्या अपमानाआड मूळ दुखणे झाकले गेले, याची खंत राष्ट्राभिमानी माणसाला अधिक वाटायला हवी. एप्रिल २०११ मध्ये दिल्लीतील पाण्याचे निष्कर्ष आले. रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत आणि पिण्याच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत या विकराचे जनुक सापडले होते. तेव्हाही उत्तर देण्याची घाई अधिक दिसली, नळ तपासण्याची कमी.

त्या स्वीडिश रुग्णाच्या कथेतील एक तपशील वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला नाही. मूत्रात सापडलेला जीवाणू ‘क्लेब्सिएला’ होता, पण त्याच रुग्णाच्या शौचातील ‘ई. कोलाय’ या निराळ्या जातीच्या जीवाणूतही तेच जनुक आढळले. सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली येथे आहे. जीवाणूंजवळ मुख्य गुणसूत्राखेरीज ‘प्लाझ्मिड’ नावाची जनुकांची छोटी वर्तुळे असतात आणि एक जीवाणू दुसऱ्याला, प्रसंगी दुसऱ्या जातीच्या जीवाणूला, ती सहज देऊन टाकतो. औषध निष्प्रभ करण्याची विद्या बापाकडून लेकाकडे जाण्याची वाट पाहत नाही, ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाते. कोट्यवधी जीवाणू दाटीवाटीने नांदतात अशा मानवी आतड्याहून या देवाणघेवाणीला अधिक सोयीचा बाजार कोणता? अनावश्यक प्रतिजैविक घेतले की त्या बाजारातील निरुपद्रवी, औषधाला बळी पडणारे जीवाणू मरतात आणि प्रतिरोधक तेवढे उरून वाढतात. माणसाला काहीही त्रास होत नाही. तो हे जीवाणू शौचावाटे बाहेर टाकतो, गळक्या जलवाहिनीतून ते शेजाऱ्याच्या माठात जातात आणि शेजारच्या घरातील बाळंतिणीला किंवा तान्ह्या बाळाला संसर्ग झाला की औषध चालत नाही. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवले होते की अपुऱ्या मात्रेने जंतूंना धडा देण्याऐवजी शिक्षण दिले जाईल आणि त्याची किंमत दुसराच कोणीतरी मोजील.

मुदतीच्या तापाचा, म्हणजे विषमज्वराचा, इतिहास पाहिला तर हे शिक्षण कसे झाले ते इयत्तावार दिसते. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि तीन-तीन आठवडे माणसाला झिजवणारा हा ताप आटोक्यात आला. १९७२ साली केरळातील कालिकत येथे त्या औषधाला न जुमानणारा जंतू साथीच्या रूपाने प्रकटला. १९९०च्या सुमारास तीन जुनी औषधे एकदमच निकामी झाली, तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन हाती घेतले. पुढील वीस वर्षांत तेही भारतात बहुतांशी बोथट झाले. आता सेफ्ट्रायाक्झोन आणि अझिथ्रोमायसिन यांच्यावर मुख्य भिस्त आहे. शेजारी पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबाद येथे नोव्हेंबर २०१६ पासून विषमज्वराचा असा प्रकार पसरला की त्यावर सेफ्ट्रायाक्झोनही चालत नाही. तोंडावाटे देण्याजोगे अझिथ्रोमायसिन हे एकच औषध उरले.

त्या सिंधी हैदराबादेत मुलांच्या दंडावर जी लस टोचली गेली, ती तेलंगणातील हैदराबादेत, भारत बायोटेकने तयार केलेली होती. २०१९ साली पाकिस्तानने ती आपल्या राष्ट्रीय लसीकरणात घेतली. महाराष्ट्रात नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली हीच लस ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या १ लाखाहून अधिक बालकांना दिली आणि सार्वजनिक यंत्रणेमार्फत अशी मोहीम राबविणारी ती जगातील पहिली संस्था ठरली. नवी मुंबईच्या नागरिकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. ज्या मुलाला मुदतीचा ताप येणारच नाही त्याला प्रतिजैविक द्यावे लागणार नाही, इतका हा साधा हिशोब आहे.

या इतिहासात दिलासा देणारी गोष्टही आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि त्याच्या जोडीची दोन जुनी औषधे डॉक्टरांनी बाजूला ठेवली आणि काही वर्षांनी भारतातील विषमज्वराचे बहुसंख्य जंतू त्यांना पुन्हा दाद देऊ लागले. शस्त्र म्यानात राहिले तर त्याची धार परत येऊ शकते, निदान काही शस्त्रांची.

हगवणीची गोष्ट याहून सोपी आहे आणि म्हणूनच अधिक क्लेशदायक आहे. लहान मुलांच्या पातळ जुलाबांचे एक मोठे कारण रोटाव्हायरससारखे विषाणू असतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काडीचाही उपयोग होत नाही. जुलाबाने मूल दगावते ते शरीरातील पाणी आणि क्षार संपल्यामुळे. या ज्ञानात भारतीयांचा वाटा फार मोठा आहे. पटकीचे विष नेमके कसे काम करते हे १९५९ साली कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी ससाच्या आतड्यावरील साध्या प्रयोगांनी सिद्ध केले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले होते. १९८५ साली डॉ. डे गेले तेव्हा त्यांच्या देशात त्यांना ओळखणारे थोडेच होते. १९७१ साली पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांमुळे पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले आणि बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला आणि ते पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉ. महालनबिस निवर्तले आणि त्यानंतर, २०२३ साली, त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले.

भाताची पेज, लाह्यांचे पाणी, मीठ-साखर घातलेले ताक हे आजीच्या शिदोरीतले उपाय याच दिशेचे होते. त्याच घरात आज क्षारसंजीवनीची पुडी कमी दर्जाची वाटते आणि रंगीत गोळी खरे औषध वाटते, हे आधुनिकतेचे लक्षण म्हणावे काय? अर्थात परंपरेच्या नावाने उलट टोकही गाठू नये. आग्र्याचे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो, असे नोंदवले. जीवाणूभक्षक विषाणूंच्या शोधाची ती पूर्वसूचना मानली जाते आणि प्रतिरोधक जंतूंवरील उपाय म्हणून त्या विषाणूंचा आज जगभर अभ्यास चालू आहे. तो अभिमानाचा विषय आहेच. पण कोणत्याही नदीचे पाणी न उकळता प्यावे, असा त्याचा अर्थ कोणी काढील तर तो घात ठरेल. रक्ताची आव, मुदतीचा ताप किंवा तान्ह्या बाळाचा जंतुसंसर्ग असेल तेथे प्रतिजैविक हवेच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस हवे. ते टाळणे हाही अपराधच.

माणसांच्या औषधपेटीपलीकडेही गळती आहे. कोलिस्टिन हे अगदी शेवटचे औषध कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून खाद्यात घातले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील औषध-कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया होऊन बाहेर पडत असताना २००७च्या एका अभ्यासात तपासले गेले, तेव्हा त्याच्या एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही इतके नसते. जगाला स्वस्त औषधे पुरविणाऱ्या स्वदेशी उद्योगाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच त्याच्या नाल्याकडे सर्वांत आधी बोट दाखवले पाहिजे.

कायदा नाही असे नाही. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीतील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्ण यांची नावे वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची असते. २०१६ पासून पाकिटावरील लाल रेघेचा प्रचार चालू आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३१ जुलै २०१६च्या ‘मन की बात’मध्ये प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नका आणि घेतली तर पूर्ण घ्या, असे सांगितले होते, २८ डिसेंबर २०२५ रोजी त्यांना हाच विषय पुन्हा काढावा लागला. या साडेनऊ वर्षांत समाजाने किती ऐकले, याचे उत्तर त्या पुनरुक्तीतच आहे. केरळने २०१८ साली स्वतःचा राज्य कृती आराखडा केला, जानेवारी २०२४ पासून चिठ्ठीविना विक्री करणाऱ्या दुकानांवर धाडी घातल्या. तेथील राजवटीशी विचारांचे वैर असले तरी चांगल्या कामाचे अनुकरण करण्यात कमीपणा नाही. मध्य प्रदेशानेही २०१९ साली केरळापाठोपाठ आपला आराखडा केलाच होता.

आणि वाशिम? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून राजधानीचा मान मिळवलेल्या या भूमीतील गंभीर रुग्णाला आजवर अकोल्याची नाहीतर नागपूरची वाट धरावी लागे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले आणि त्यांत वाशिमचेही होते. या घटनेकडे डॉक्टर घडविण्याच्या जागा वाढल्या एवढ्याच दृष्टीने पाहिले गेले. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आणि त्याची प्रयोगशाळा हे ओघाने आले. रुग्णाच्या रक्तातील, शौचातील, मूत्रातील जंतू वाढवून त्याला कोणते औषध लागू पडते हे पाहणे हे त्या प्रयोगशाळेचे रोजचे काम. या तपासण्यांचा गोषवारा दर सहा महिन्यांनी जिल्ह्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि प्रत्येक खासगी डॉक्टराला मिळाला, तर मालेगाव किंवा मंगरुळपीरच्या डॉक्टराला मुंबई-दिल्लीच्या आकड्यांवरून अंदाज बांधत बसावे लागणार नाही. आपल्या जिल्ह्यातील जंतू काय जुमानतो आणि काय जुमानत नाही हे त्याला कळेल. आज तो अंधारात बाण मारतो, आणि नेम चुकू नये म्हणून सर्वांत मोठा बाण मारतो.

यासाठी कोट्यवधींच्या नव्या योजनेची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतले, महाविद्यालयाने नमुने स्वीकारण्याची पद्धत बसवली आणि औषधविक्रेत्यांच्या संघटनेला विश्वासात घेतले तर हे होण्यासारखे आहे. औषधविक्रेता हा सरसकट खलनायक नव्हे. अनेक गावांत रात्री दहा वाजता दार उघडणारा तोच एक असतो. त्याच्या फळीवर गोळ्यांच्या आधी क्षारसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या दिसल्या तर निम्मे काम होईल. उरलेले काम शाखा, भजनी मंडळे, महिला बचत गट आणि शाळा यांचे आहे. या परिसरातील महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याला गाडगेबाबांचे नाव आहे, आणि कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडणाऱ्या त्या संताला जंतुशास्त्र कोणी शिकवले नव्हते. संपर्कासाठी घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याने डब्यातील उरलेल्या गोळ्यांची चौकशी करावी, शौचालयाच्या खड्ड्यापासून विहिरीचे अंतर पाहावे, पाणी भरण्याच्या भांड्याला झाकण आहे का ते पाहावे. हे काम वरवर क्षुल्लक दिसते, त्याचे छायाचित्र कोठे छापून येत नाही.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे दर रामनवमीला बंजारा समाजाचे लाखो भाविक देशभरातून येतात. कर्नाटक, तेलंगणातून आलेला भाविक तेथे पाणी पितो, प्रसाद घेतो आणि चार दिवसांनी आपल्या तांड्यावर परततो. पुढच्या यात्रेच्या पंधरा दिवस आधी तेथील प्रत्येक टाकीचे, टँकरचे आणि विहिरीचे पाणी वाशिमच्या नव्या प्रयोगशाळेत तपासले जावे, दोष आढळेल तेथे शुद्धीकरण करून फेरतपासणी व्हावी आणि दोन्ही वेळचे निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठी व बंजारा बोलीत लिहिले जावेत. यात्रेत मंडप उभारणारे, वाहतूक सांभाळणारे तरुण तेथे असतातच. त्यांच्यापैकी दहा जणांनी क्लोरिनमापक हाती घेऊन दर दोन तासांनी नळाचे पाणी तपासण्याचे पत्करावे. रामनवमीला अजून अवकाश आहे, आणि हे मापक शिकायला एक दुपार पुरते.